चित्रपटधंद्याची शाळा आणि आपली मुले

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी ‘शिक्षण आणि व्यवसाय’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर तासभर बोलूनही वक्त्याने काहीच न सांगितल्याचे श्रोत्यांच्या लक्षात येऊ नये. ती सोय आम्ही घेत नाही. आम्ही मुख्यतः एकाच शाळेविषयी बोलणार आहोत. ती आपल्या देशात नाही. ती अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरात आहे, आणि चित्रपटधंद्यातील काही नामांकित मंडळींनी तेथील सार्वजनिक शाळाखात्याच्या सहकार्याने ती उभी केली आहे.

सिनेमाचे नाव निघताच सभागृहाच्या मागील बाजूस थोडी कुजबुज झाली, ती आमच्या कानी आली. ती स्वाभाविक आहे. आपल्या घरात सिनेमा म्हणजे नट किंवा नटी, आणि मुलगा सिनेमात जाण्याची भाषा करू लागला म्हणजे तो घराबाहेर पडण्याच्या बेतात आहे, अशी आपली समजूत. परंतु पडद्यावर एक नट दिसतो तेव्हा त्याच्या पाठीमागे सुतार, रंगारी, वीजतंत्री, ध्वनिमुद्रक, संकलक, हिशेबनीस, रंगभूषाकार आणि शिंपी उभे असतात. शेवटचा शब्द आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. चित्र संपल्यावर जी नामावली भराभर वर सरकते, आणि जी वाचण्यापूर्वीच आपण खुर्ची सोडतो, ती खरे पाहता रोजगाराची यादीच आहे. आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत ती शाळा या यादीतील माणसांसाठी आहे. नट घडविण्याचा कारखाना अशी तिची कल्पना कोणी करून घेऊ नये.

तिची हकीगत अशी. २०२१ सालच्या जून महिन्यात नट व दिग्दर्शक जॉर्ज क्लूनी, त्यांचे निर्मितीतील भागीदार ग्रँट हेस्लोव्ह आणि कलावंतांचे प्रतिनिधी म्हणून विख्यात असलेले ब्रायन लॉर्ड यांनी लॉस एंजेलिस युनिफाइड या शाळाखात्याबरोबर ही योजना जाहीर केली. डॉन चीडल, केरी वॉशिंग्टन, इव्हा लाँगोरिया, मिंडी केलिंग हेही संस्थापकांत आले. मिंडी केलिंग या भारतीय वंशाच्या आहेत, हे जाता जाता सांगतो, कारण ते ऐकून काही चेहरे खुलतात असा आमचा अनुभव आहे. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये नववी व दहावी हे दोन वर्ग घेऊन शाळा सुरू झाली आणि वर्षागणिक एक वर्ग वाढवीत बारावीपर्यंत पोहोचावी असे ठरले. तिचे नाव रॉयबल स्कूल ऑफ फिल्म अँड टेलिव्हिजन प्रॉडक्शन. फी नाही. ती शासकीय शाळा आहे आणि तिच्यातील मुलांना इतरांप्रमाणेच गणित, विज्ञान, भाषा, इतिहास हे विषय पुरे करावे लागतात.

ज्या इमारतीत ती भरते तिचीही एक गोष्ट आहे. शहराच्या मध्यभागालगत, एकेकाळी जेथे खनिज तेलाच्या विहिरी होत्या त्या जमिनीवर एक भले मोठे विद्यालय बांधण्यास नव्वदच्या दशकात आरंभ झाला. मग जमिनीत मिथेन वायू सापडला, पुढे भूकंपाची भेग सापडली, काम थांबले, वाद झाले, आणि अफाट खर्च होऊन अखेर २००८ साली ती वास्तू उघडली. आपल्याकडील रखडलेल्या समाजमंदिरांच्या बांधकाम-समित्यांनी यातून हवा तर दिलासा घ्यावा. एडवर्ड रॉयबल यांचे नाव तिला दिले आहे. हे मेक्सिकन वंशाचे लोकप्रतिनिधी १९४९ साली शहराच्या नगरमंडळावर निवडून आले आणि पुढे १९६३ पासून तीस वर्षे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात होते. त्या वस्तीत लॅटिन अमेरिकेतून आलेली, हातावर पोट असलेली कुटुंबे बहुसंख्य आहेत. हॉलिवूड तेथून मोटारीने थोड्याच अंतरावर. पण त्या घरांतील मुलाला हॉलिवूडच्या फाटकातून आत जाणे हे अंतर मैलांनी मोजता येत नाही.

ते का, हे समजून घेतल्याशिवाय शाळेचे मर्म कळणार नाही. आपल्या सभेत तर ते विशेष कळेल, कारण बापाचा धंदा मुलाने करावा ही रीत आपल्याला कोणी शिकवावयास नको. तिकडे जात नाही. पण चित्रपटधंद्यातील कारागिरांच्या संघटना होत्या आणि त्यांत बाप, काका, मामा यांच्या बोटाला धरून येण्याची वहिवाट होती. अनुभवी कामगारांची एक यादी ठेवलेली असे. काम प्रथम यादीतल्या माणसांस मिळे, आणि यादीत नाव चढण्यासाठी आधी काम केलेले असावे लागे. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नये, असा हा नियम! १९६९ सालच्या मार्चमध्ये रोजगारातील समान संधी पाहणाऱ्या अमेरिकन आयोगाने लॉस एंजेलिसमध्ये जाहीर सुनावणी घेतली, तेव्हा या पद्धतीने कृष्णवर्णी व मेक्सिकन वंशाची माणसे कशी बाहेर राहतात ते चव्हाट्यावर आले. पुढील वर्षी तडजोड होऊन अशा लोकांना शिकवून घेण्याचे धंद्याने मान्य केले. तथापि १९७८ मध्ये पुन्हा चौकशी झाली तेव्हाही तक्रार मिटलेली नव्हती. तडजोडीने दार किलकिले होते, परंतु दारापर्यंत चालत येणारा तयार उमेदवार कोठून आणावयाचा? विशीच्या पुढे त्याला शोधू लागावे तर उशीर झालेला असतो. म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी, शाळेतच, त्याला गाठावे हा विचार.

हा विचार चित्रपटवाल्यांनी काढला असे मात्र नाही. १९६९ सालीच फिलाडेल्फिया शहरात एडिसन हायस्कुलात वीज कंपनीच्या मदतीने विजेच्या कामाचा एक वर्ग निघाला, तो या जातीच्या शिक्षणाचा आरंभ मानतात. मोठ्या हायस्कुलाच्या पोटात एक लहान शाळा. तीच मुले आणि तेच शिक्षक तीन-चार वर्षे एकत्र. एका धंद्याभोवती गुंफलेला अभ्यास. आणि त्या धंद्यातील मालकांचा शाळेशी करार. कॅलिफोर्नियात १९८१ साली असे दोन वर्ग निघाले आणि १९८४ पासून राज्य सरकार त्यांना अनुदान देऊ लागले. अनुदानाची अट आम्हांस फार आवडली. सरकार जेवढे देईल तेवढे शाळाखात्याने घालावे, आणि तेवढ्याच मोलाचे पैशाच्या, साहित्याच्या किंवा माणसांच्या वेळेच्या रूपाने धंदेवाल्यांनी घालावे. शिवाय निम्मी तरी मुले अभ्यासात मागे पडलेली किंवा शाळा सोडण्याच्या बेतात असलेली असावीत. हुशार मुले वेचून निकाल चांगला लावण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

याचा परिणाम काय झाला, असे व्यवहारी माणूस विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे. एम.डी.आर.सी. या संशोधनसंस्थेने नऊ शाळांतील चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला. जागांपेक्षा अर्ज अधिक आलेले, तेव्हा चिठ्ठ्या टाकून कोणास प्रवेश मिळाला व कोणास नाही ते ठरले. मग दोन्ही गटांचा शाळा संपल्यानंतर आठ वर्षे माग ठेवला. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रवेश मिळालेल्यांची कमाई सरासरीने ११ टक्के अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे २,०८८ डॉलर अधिक, निघाली. मुलग्यांत हा फरक १७ टक्क्यांचा होता. मुलींच्या कमाईत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, आणि पदवीपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाणही दोन्ही गटांत सारखेच राहिले. आम्ही हे आकडे दोन्ही बाजूंनी सांगतो, कारण व्यासपीठावरून अर्धे आकडे सांगण्याची प्रथा फार बळावली आहे. धंद्याकडे वळलेली मुले कॉलेजला मुकली नाहीत, एवढे यावरून नक्की दिसते. परंतु मुलींना त्याचा लाभ आपोआप झाला नाही, हेही तितकेच नक्की दिसते.

इंग्लंडातही हा प्रयोग झाला. लंडनजवळ क्रॉयडन येथे १९९१ साली ध्वनिमुद्रणधंद्याच्या साहाय्याने ब्रिट स्कूल निघाले; ॲडेल ही गायिका तेथील विद्यार्थिनी. चित्रपटांपुरते म्हणावयाचे तर २०१९ साली उत्तर लंडनमध्ये लंडन स्क्रीन अकॅडमी उघडली. जेम्स बाँडच्या चित्रपटांचे निर्माते बार्बरा ब्रॉकोली व मायकेल विल्सन, हॅरी पॉटरच्या चित्रपटांचे निर्माते डेव्हिड हेमन, तसेच टिम बेव्हन, एरिक फेलनर व लिसा ब्रायर ही तिची संस्थापक मंडळी. सोळा ते एकोणीस वयाची मुले, फी नाही. बेव्हन व फेलनर हे दोघे पुढे लॉस एंजेलिसच्या योजनेतही सामील झाले. म्हणजे एकीकडचा अनुभव दुसरीकडे गेला.

आता अशा शाळेत शिकवितात तरी काय? कॅमेरा, प्रकाशयोजना, ध्वनी, संकलन, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, पटकथा, दृश्य-परिणाम ही नावे ऐकून पालकांना वाटते की अभ्यास बुडाला. वस्तुतः उलट आहे. एका सेकंदाला चोवीस चित्रे, मिनिटाला १,४४०, तासाला ८६,४००. जुन्या पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात सोळा चित्रे बसत, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फीत लागे. हे गणित ज्याला तोंडी येत नाही त्याने संकलकाच्या टेबलाशी बसू नये. दिवा दुप्पट अंतरावर नेला तर उजेड निम्मा न होता चौथाई होतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वर्षभर घोकून जे मुलाच्या डोक्यात शिरत नाही ते दिव्याची तिकाटी दोनदा सरकवली की हातात बसते.

आणि कपड्याचे म्हणाल तर आपण येथे जमलेले निम्मे लोक त्यातले जाणकार आहोत. परंतु आपल्या दुकानातील शिवण आणि पडद्यासाठीची शिवण यांत फरक आहे. गिऱ्हाइकाचा सदरा एक. नायकाचा तोच सदरा चार-पाच. एक स्वच्छ, एक मारामारीत फाटलेला, एक चिखलात माखलेला, एक नायकाऐवजी उडी मारणाऱ्या माणसाच्या मापाचा आणि आतून गादीचे अस्तर लावण्यापुरता सैल. हे पाचही पडद्यावर एकच दिसले पाहिजेत. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. फाटलेला सदरा सोमवारी लागतो, धुतलेला पुढच्या गुरुवारी. तेव्हा कोणत्या दृश्यात कोणते बटण तुटलेले होते आणि बाही किती दुमडलेली होती, याची वही ठेवावी लागते. कोरे कापड जुने दिसावे म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवावे, घासावे, कोपराशी झिजवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीचा अंगरखा कसा बेतत, त्याचे बंद कोणत्या बाजूस येत, हे इतिहासात शोधावे लागते. आपल्या आजोबांनी जे हाताने जाणले ते आणि इतिहासाच्या शिक्षकाने जे वाचले ते एका टेबलावर आणण्याची कला म्हणजे कपडेपट. हा शब्द आपल्या नाटकमंडळींचा आहे आणि तो आम्हांस ‘वॉर्डरोब’पेक्षा अधिक ऐटबाज वाटतो.

आमच्या देशात असे शिक्षण नव्हतेच काय? होते; त्याला शाळा म्हणत नसत एवढेच. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. परंतु १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना त्यांना माणसे स्वतःच शिकवून तयार करावी लागली, आणि घरी सरस्वतीबाईंनी फीत धुण्यापासूनची कामे शिकून घेतली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी कॅमेरा स्वतः तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीत पडेल ते काम करीत शांतारामबापू वाढले. दामले आणि फत्तेलाल तेथेच तयार झाले. १९२९ साली या मंडळींनी प्रभात काढली, १९३३ साली ती पुण्यास नेली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने व्हेनिसपर्यंत कीर्ती मिळविली. ही सारी कारखान्यात शिकलेली माणसे. प्रभातच्याच जागेवर १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. ती थोर संस्था आहे, पण तिच्या बहुतेक प्रमुख अभ्यासक्रमांना पदवीची अट आहे. म्हणजे जुना कारखाना गेला, नवी संस्था पदवीधरांसाठी झाली, आणि दहावीतला मुलगा मध्येच उभा राहिला.

भगिनींसाठी एक नाव मुद्दाम घेतो. कोल्हापूरच्या भानू अथैया १९२९ साली जन्मल्या, जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या, नियतकालिकांसाठी वेषांची चित्रे काढता काढता चित्रपटांच्या कपडेपटाकडे वळल्या, आणि १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हे पहिले पारितोषिक नटाला मिळाले नाही, दिग्दर्शकाला नाही. कापडाची पारख असलेल्या बाईला मिळाले. २०२० साली त्या निवर्तल्या. आपल्या समाजातील किती मुलींना त्यांचे नाव ठाऊक आहे, हे आज घरी गेल्यावर विचारून पाहावे.

आणि दार बंद ठेवण्याची विद्या केवळ अमेरिकेत होती असे नव्हे. मुंबईच्या चित्रपटधंद्यात स्त्रीने केशभूषा करावी, रंगभूषा मात्र पुरुषानेच करावी, असा कारागिरांच्या संघटनेचा नियम अर्धशतकाहून अधिक काळ चालला. २०१४ सालच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. रंगाची डबी हातात धरण्यासाठी एका स्त्रीला दिल्लीपर्यंत जावे लागले!

येथवर ऐकून कोणी उत्साही बंधू म्हणतील की, मग झाले तर! आपण शिंपी, कपडेपट आपला, आपल्या मुलांना नववीपासून तिकडेच घाला. बंधूंनो, नेमके हेच होऊ नये म्हणून आम्ही आज बोलत आहोत. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. शाळा तीन तास. उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकावा. हेतू खर्च वाचवून अधिक मुलांना शाळेत आणण्याचा होता असे सांगण्यात आले. परंतु न्हाव्याच्या मुलाने न्हावीच राहावे, कुंभाराच्या मुलाने कुंभारच राहावे असा तिचा अर्थ लोकांनी घेतला, प्रचंड विरोध झाला, १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. लोकांचा राग यथार्थ होता असे आमचे मत आहे. अमेरिकेतही १९१७ च्या कायद्याने धंदेशिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला आणि पुढे कित्येक दशके ते गरिबांच्या व कृष्णवर्णीयांच्या मुलांना बाजूस काढण्याचे साधन झाले. हुशारांनी कॉलेजला जावे, बाकीच्यांनी हातोडी घ्यावी! रॉयबलसारखी शाळा या पापातून वाचते ती दोन कारणांनी. मूल तेथे आपल्या निवडीने जाते, आणि विद्यापीठाच्या प्रवेशास लागणारे सर्व विषय तेथे शिकवावेच लागतात. ही दोन अंगे काढली तर जे उरेल ते जातिधंद्याचेच नवे दुकान होय.

आणखी एक सावधगिरी. एकाच धंद्याला बांधलेली शाळा त्या धंद्याबरोबर हेलकावे खाते. रॉयबल शाळेचे दुसरे वर्ष भरण्याच्या सुमारास, २०२३ मध्ये, हॉलिवूडच्या लेखकांचा १४८ दिवसांचा आणि नटांचा ११८ दिवसांचा संप झाला. नंतरही लॉस एंजेलिसमधील चित्रीकरण पूर्वपदावर आले नाही. कर-सवलतीच्या ओढीने ते इतर राज्यांत आणि परदेशांत गेले. २०२५ साली कॅलिफोर्नियाला आपली वार्षिक सवलत ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर न्यावी लागली. जी मुले २०२२ मध्ये मोठ्या आशेने दहावीत बसली ती २०२५ मध्ये शाळेबाहेर पडली तेव्हा बाजार असा होता. त्यांना जर नुसते कॅमेऱ्याचे बटण दाबावयास शिकविले असते तर त्यांचे काय झाले असते? गणित, भाषा आणि विद्यापीठाचे दार ही येथे चैन नसून विमा आहे. आमच्या तरुण शिंप्यांना हे वेगळे सांगावयास नको. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपल्या गल्लीतील किती कात्र्या थंड पडल्या ते आपण पाहिलेच आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. संघाच्या शिष्यवृत्ती-निधीचे नियम सर्वांस ठाऊक आहेत. दहावी-बारावीस उच्च गुण, आणि पुढे वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा तत्सम शिक्षण, यांनाच साहाय्य मिळते. ज्यांनी हे नियम केले त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या काळी समाजातून एक डॉक्टर निघणे ही दिवाळी होती. परंतु आज गुणगौरवाच्या यादीत नसलेला, साठ टक्क्यांचा, चित्र उत्तम काढणारा किंवा विजेच्या तारांशी खेळणारा मुलगा आपल्या निधीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. नेपथ्य, वेशभूषा, ध्वनी, संकलन, प्रकाशयोजना, दृश्य-परिणाम या विषयांच्या मान्यताप्राप्त शिक्षणास जाणाऱ्या मुलामुलींना निधीचा काही भाग राखून ठेवावा, आणि त्यातील निम्मा मुलींसाठी असावा, अशी दुरुस्ती आम्ही सुचविली आहे. मुलींचा भाग आम्ही मुद्दाम घातला. चौदाशे मुलांच्या त्या अभ्यासाने आम्हांस तो घालावयास लावले.

दुसरी सूचना खर्चाची नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. शाळा कारागीर शोधीत आहेत, आणि कारागीर या सभागृहात बसलेले आहेत. कपडेपटात, नेपथ्याच्या कार्यशाळेत ज्यांची ओळख आहे त्यांनी ते दहा दिवस मिळवून द्यावेत. मात्र चित्रीकरणाच्या बारा-बारा तासांच्या पाळीवर मुलांना उभे करून फुकट राबवून घेण्यास कोणी ‘अनुभव’ म्हणू लागला तर त्याला संघाने तेथेच थांबवावे.

तिसरी गोष्ट काहींना रुचणार नाही. सुरुवातीच्या चर्चेत अशी सूचना आली होती की, संघाने स्वतःच अशी एक शाळा, केवळ आपल्या मुलांसाठी, काढावी. आमचा तिला विरोध आहे. पैशाचा प्रश्न आहेच. क्लूनीसारखे देणगीदार आपल्या वर्गणीदारांत नाहीत. परंतु पैसा असता तरीही आमचा विरोधच असता. ज्या धंद्यात नात्यागोत्याने दार उघडत होते तेथे परक्याच्या मुलाला आत घ्यावे, यासाठी ही शाळा निघाली. तिचे अनुकरण म्हणून आपण एका ज्ञातीचे दार बांधावे हा उफराटा न्याय होईल. आपल्या गावातील नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाकडे जावे, तेथील मुख्याध्यापकांना शिवणयंत्रे, कापड आणि आपल्या कारागिरांचे तास द्यावेत, आणि त्या वर्गात जे बसतील ते बसोत. सुताराचा मुलगा अंगरखा बेतील, शिंप्याची मुलगी कॅमेरा धरील. आपल्या आजोबांना ते विचित्र वाटले असते हे आम्ही जाणतो.

शिष्यवृत्ती-नियमांतील दुरुस्तीचा ठराव आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. त्याच्या छापील प्रती प्रवेशद्वाराशी ठेवल्या आहेत. आयुष्यातील बरीच वर्षे स्टुडिओंच्या कपडेपटात काढलेले आपल्या समाजातील तीन वडीलधारे गृहस्थ आज आमच्या विनंतीवरून येथे आले असून दुसऱ्या रांगेत बसले आहेत. चहाच्या सुटीत ते व्यासपीठाशेजारच्या खोलीत असतील. ठरावाच्या बाजूने असो वा विरुद्ध, मत देण्यापूर्वी त्यांना भेटून काय विचारावयाचे ते विचारावे, आणि शक्य तर मुलांनाही बरोबर न्यावे.